दादानं न दिलेला गोल

आधीच सांगून ठेवतो, मी संशयी माणूस हाय. वारंगा फाट्यावर माझं टायर-पंक्चरचं दुकान हाय, आणि ह्या धंद्यात ज्यानं गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर विश्वास ठेवला तो बुडाला. ड्रायव्हर म्हणतो, "कालच नवीन ट्यूब टाकली." मी मान हलवतो, ट्यूब पाण्याच्या टाकीत बुडवतो आणि चार जुनी ठिगळं त्याला दाखवतो. मग तो म्हणतो, दुकानदारानं फसवलं. असंल. मला त्याचाबी संशय असतो.

पण फुटबॉलच्या त्या फायनलचा विषय निघाला की माझी बायको उठून आत जाती. ती म्हणती, साऱ्या जगावर संशय घ्या, पण सख्ख्या भावावर घ्यायचा म्हणजे हद्द झाली. तिनं ती मॅच बघितली न्हाई. मी बघितली. पिकअपच्या हौद्यात उभं राहून, डोक्यावर ऊन घेऊन, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत बघितली. आणि त्या दोन्ही शिट्ट्या माझ्या सख्ख्या मोठ्या भावानं वाजवल्या होत्या.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. हिंगोलीत एका शाळेवर पीटीचा मास्तर होता, आता रिटायर झाला. फुटबॉलचे नियम पुस्तकातून वाचलेला आमच्याकडचा तो पहिला माणूस. बाकी आमी सगळे बघून बघून शिकलेलो, म्हणजे अर्धं चुकीचं शिकलेलो. तीस वर्षं त्यानं तालुक्या-तालुक्यात जाऊन मॅचेस खेळवल्या आणि तीस वर्षांत त्याच्या शिट्टीवर कोणी बोट ठेवलं न्हाई. रस्त्यानं चालला की पोरं सायकलवरून उतरायची. त्याला ना गाडीचा शौक, ना कपड्याचा. हे नाव तेवढं त्यानं जपलं.

आमची टीम फाट्याची. एक जेसीबी चालवणारा, एक ढाब्यावर रोट्या लावणारा, दोघं भाऊ कपाटं आणि कूलर बनवणारे, कॉलेजात नाव घातलेले पण कॉलेजात कधी न दिसलेले तीन-चार, बाकी शेतकऱ्यांची पोरं. जर्सी ढाबेवाल्यानं दिल्या, पाठीवर त्याच्याच ढाब्याची जाहिरात. सराव सोयाबीन निघालेल्या वावरात. हिंगोलीची टीम म्हणजे शहराची टीम, बूट बराबर, मोजे बराबर, सरावाला मैदान. तरी आमी फायनलला आलो. जिल्ह्याचा कप फाट्यावर कधी आला नव्हता, आणि मी टीमचा पुढारी असल्यामुळं कप ठेवायची जागासुद्धा दुकानात साफ करून ठेवली होती.

आता रेफ्रीचा प्रश्न. त्याच्या आदल्या वर्षी बाहेरून आणलेल्या रेफ्रीला मॅच संपल्यावर पोलिसांच्या गाडीत बसवून काढावं लागलं होतं. म्हणून ह्या वेळी स्पर्धा भरवणाऱ्यांनी दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना बोलावून विचारलं, बोला, रेफ्री कोण पाहिजे? हिंगोलीच्या टीमचा मॅनेजर फर्निचरचा दुकानदार होता. तो लगेच म्हणाला, "सरच पाहिजेत." सर म्हणजे माझा दादा. मी चाटच पडलो. ज्याचा भाऊ समोरच्या टीमचा पुढारी, त्यालाच हा माणूस आपण होऊन रेफ्री मागून राहिला? काहून? माझ्या मनात तिथंच शंकेची पाल चुकचुकली. पण न्हाई कसं म्हणणार, भाऊ माझाच.

दादाची एक रीत होती. ज्या टीमची मॅच खेळवायची तिच्या माणसाच्या घरचं आठ दिवस आधीपासून पाणीसुद्धा प्यायचं न्हाई. फोन उचलायचा न्हाई, त्यांच्या गाडीवर बसायचं न्हाई. मैदानावरसुद्धा घरचीच बाटली आणि घरचाच डबा. लोक हसायचे, म्हणायचे, मास्तरांचं सोवळं सुरू झालं. मला वाटलं, हे सोवळं दुसऱ्यांसाठी. सख्ख्या भावाला कसलं आलंय सोवळं?

फायनल संक्रांतीनंतर चार दिवसांनी होती. संक्रांतीला मी दरवर्षी हिंगोलीला जातो, दादाच्या पाया पडतो, तिळगूळ देतो, वहिनीच्या हातची बाजरीची भाकर खाऊन परत येतो. त्या वर्षीसुद्धा गेलो. दादानं दार उघडलं आणि दारातच उभा राहिला. मी पाया पडलो. त्यानं खांद्यावर हात ठेवला. मी तिळगुळाची पुडी पुढं केली तर हात मागं घेतला.

"फायनल झाल्यावर ये," म्हणाला.

"अहो दादा, तिळगूळ हाय. लाच न्हाई."

"मला माहीत हाय. फायनल झाल्यावर ये."

मागं वहिनी उभी होती, तिनं खाली बघितलं. मी पुडी तशीच खिशात घातली आणि पायरी उतरलो. साठीला आलेला भाऊ संक्रांतीच्या दिवशी धाकट्या भावाला दारातून परत पाठवतो, ही गोष्ट कोणाला सांगायची? माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मला कोण दिसावं? हिंगोलीचा तो फर्निचरवाला. स्कूटी लावून मोबाइलवर बोलून राहिला होता. मला बघून हसला, "तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हणाला. मी गोड बोललो न्हाई. तो ह्या गल्लीत काहून आला, कोणाकडं आला, हे मनात घोळवत मी वारंग्यापर्यंत गाडी मारली. पाणी कुठंतरी मुरत होतं.

फाट्यावर सगळे खूश. माझ्या दुकानाशेजारी चहाचं हॉटेल हाय, त्याचा मालक म्हणाला, "आता काय, रेफ्री तुमचे बंधू. कप आपलाच समजा."

मी म्हणलं, "तुमी त्याला ओळखत न्हाई. तो आपल्याला बुडवणार."

"काहून? भाऊ हाय ना?"

"भाऊ हाय म्हणूनच."

आणि मग मी त्याला ती शर्यत सांगितली. मी दहावीला होतो, दादा त्याच शाळेवर नवाच मास्तर लागला होता. शाळेच्या स्पर्धेत शंभर मीटरमध्ये मी पहिला आलो. लोकांनी खांद्यावर घेतलं. दादा कागद घेऊन आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, हा शिट्टीच्या आधी पळाला, बाद. दुसऱ्या नंबरचं पोरगं पहिलं झालं. आता मी शिट्टीच्या आधी पळालो होतो का? पाय जरा लवकर उचलला असंल. पण बाकीच्यांनीबी उचलला असंल की. त्यांच्या पायाकडं कोण बघत होतं? तो माझ्याच पायाकडं बघत होता. का, तर उद्या कोणी म्हणायला नको की मास्तरानं भावाला जिंकवलं. माणसाला एवढं नाव जपायचं असलं की तो घरच्याचाच गळा धरतो. बाहेरच्या रेफ्रीला निदान पैसे देता येतात, ह्याला काय देणार? हॉटेलवाला विचारात पडला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या टीमला माहीत झाली, आणि मॅचच्या आधीच आमच्या पोरांच्या मनात बसलं की रेफ्री आपल्या विरुद्ध हाय. ते मीच बसवलं, हे आज कबूल करतो.

मॅचच्या दिवशी फाट्यावरून सात-आठ गाड्या भरून माणसं गेली. आमी पिकअप मैदानाच्या कडेला, मधल्या रेषेच्या जरा पुढं लावली. हॉटेलवाला गोलच्या मागं जाऊन मोबाइल धरून बसला. मी पिकअपवर ट्रकचा प्रेशर हॉर्न बसवून आणला होता, आणि त्याची हवेची टाकी दुकानातल्या कॉम्प्रेसरवर भरून घेतली होती. गोल झाला की वाजवायचा. फाट्याची टीम हाय, टाळ्यांनी कोणाचं समाधान होणार?

पहिला घोटाळा पंधराव्या-विसाव्या मिनिटाला. आमच्या रोटीवाल्यानं मारलेला बॉल त्यांच्या गोलसमोर त्यांच्याच एका गड्याच्या हाताला लागला. सगळ्या मैदानानं बघितला. पेनल्टी सरळ. दादानं दोन्ही हात बाजूला हलवले, खेळा, खेळा. आमची पोरं त्याच्या अंगावर धावली. तो आपला हात छातीला चिकटवून दाखवतो, म्हणजे त्याचा हात अंगाला चिकटलेला होता म्हणे. अरे, हात अंगालाच चिकटलेला असतो, जन्मापासून.

दुसरा घोटाळा ऑफसाइडचा. आता ऑफसाइड म्हणजे काय हे फाट्यावर विचाराल तर दहा माणसं अकरा उत्तरं देतील. आमच्या कपाटवाल्या भावांतल्या धाकट्यानं बॉल आत घातला. मी हॉर्न दाबला, सगळं मैदान दणाणलं, माणसं नाचायला लागली. बघतो तर लाइनमनचं फडकं वर. आमच्याकडं दोन लाइनमन असतात, एक ह्या टीमनं द्यायचा, एक त्या टीमनं, आणि हाफला टीमांबरोबर तेबी बाजू बदलतात. फडकं वर करणारा त्यांचा. दादा त्याच्याकडं गेला, दोन शब्द बोलला आणि गोल रद्द केला. उंदराला मांजर साक्ष. मी पिकअपवरून ओरडून ओरडून घसा बसवला. दादानं एकदासुद्धा वर बघितलं न्हाई.

दुसऱ्या हाफमध्ये त्यांना फ्री किक मिळाली. त्यावरून त्यांनी एक गोल केला. तो गोल चांगला होता, तेवढं मी मानतो. पण फ्री किक होती का, ते विचारू नका.

मग शेवटची पाच मिनिटं. एक शून्य. कॉर्नरवरून आलेला बॉल त्यांच्या गोलीनं बुक्की मारून बाहेर काढला आणि तो बरोबर आमच्या जेसीबीवाल्यासमोर पडला. उंच गडी, पायात इंजिनाची ताकद. दादा आमच्या आणि गोलच्या मधोमध उभा होता, पाठ आमच्याकडं. जेसीबीवाल्यानं पाय उचलला, मी हॉर्न दाबला, बॉल वरच्या दांडीला आतून लागला, खाली आदळला आणि बाहेर आला. गोलीनं झडप घालून तो पोटाशी धरला. गोलसमोरच्या रेघेची चुन्याची फक्की दिवसभर तुडवून तुडवून मातीत मिसळून गेली होती, रेघ दिसत नव्हती. तरी मी सांगतो, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांनी तो बॉल आत होता. त्यांच्या सगळ्यांच्या डोळ्यांनी बाहेर होता. त्यांचा लाइनमन पुतळा होऊन उभा राहिला.

आणि दादा? मी जे बघितलं ते बघितलं. बॉल खाली पडला तेव्हा दादाचं तोंड गोलकडं नव्हतंच. मान वळवून तो आमच्याकडं बघून राहिला होता. सरळ माझ्याकडं. मग तो परत गोलकडं वळला, क्षणभर थांबला आणि दोन्ही हात हलवले. गोल न्हाई. खेळा.

मॅच संपली. हिंगोलीवाले कप घेऊन नाचायला लागले. मी पिकअपवरून उडी मारली आणि मैदानात गेलो. आमची पोरं दादाभोवती जमली होती, पण मास्तर म्हणून अंतर राखून होती. मी अंतर राखलं न्हाई. त्याच्यासमोर जाऊन, सगळे ऐकतील असं म्हणलं, "जाणूनबुजून तोंड फिरवलं तुमी. बॉल आत जाताना दिसू नये म्हणून. घरच्यांचं वाटोळं करून नाव कमवायचं होतं ना? कमवा. विकले गेले तुमी." शेवटचा शब्द मला म्हणायचा नव्हता. पैशानं तो विकला जाणार न्हाई हे मला पक्कं माहीत होतं. पण रागात तोंडातून गेला आणि मागच्या पोरांनी तो लगेच उचलला. विकला, विकला, विकला. दादानं माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग त्यानं शिट्टी गळ्यातून काढली, खिशात घातली, घरचा डबा आणि बाटली उचलली आणि चालत निघून गेला.

त्यानंतर वर्षभर मी त्याच्या घरी गेलो न्हाई. पोळ्याला न्हाई, दिवाळीला न्हाई. बायकोनं बोलून बघितलं, रडून बघितलं. मी म्हणलं, आधी त्यानं कबूल करावं. हॉटेलवाल्यानं काढलेला व्हिडिओ मी मोबाइलमध्ये घेतला होता. टायर खोलायला गाडी लागली की ड्रायव्हरला दाखवायचो. नांदेडचा असो, वाशिमचा असो, मध्य प्रदेशातला असो. कॉम्प्रेसर चालू असल्यामुळं ऐकू काही येत नव्हतं, पण चित्रावरून मी समजावून सांगायचो. "हे बघा, दांडीला लागला. आता इथं हात हलला हॉटेलवाल्याचा, ऐन मोक्याला. पण बॉल कुठून येऊन राहिला बघा. आत न्हाई का?" ड्रायव्हर म्हणायचा, आत हाय, शंभर टक्के. पंक्चर काढायला बसलेल्या माणसाशी कोण वाद घालतो? हॉटेलवाल्याचा हात ऐन मोक्याला काहून हलला, ह्याचाबी मला कधी कधी संशय यायचा.

फाट्यावरून ही गोष्ट ट्रकांबरोबर सगळीकडं गेली. नरसीला देवाला आलेली माणसं फाट्यावर चहाला थांबली की म्हणायची, तुमचेच ना ते मास्तर, विकले गेलेले? मला आधी ते ऐकून बरं वाटायचं. नंतर नंतर बरं वाटायचं बंद झालं. पण मी थांबलो न्हाई.

ह्या वर्षी स्पर्धेची बैठक झाली तेव्हा दादाला बोलावलं न्हाई. रेफ्री बाहेरून आणायचा ठरला. मला वाटलं, झालं ते बराबर झालं. त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. वर्षभरात पहिल्यांदा.

"भाऊजी, उद्या या. ते शेतावर गेलेत, दुपारपर्यंत न्हाई. त्यांच्या माघारी या."

मी गेलो. वहिनीनं पाणी दिलं. मी पाणी पिलो. मग ती म्हणाली, "ते सकाळी फिरायला मैदानावर जात होते ना, आता जात न्हाईत. मागून पोरं शब्द टाकतात. बाजारात जात न्हाईत. पेन्शनच्या कामालाबी मलाच बँकेत धाडतात. तुमी काय बोललात ते मी मैदानावर नव्हते तरी मला माहीत हाय. तो व्हिडिओ फिरत फिरत माझ्याबी मोबाइलवर आला. मला एकच विचारायचं हाय. तो व्हिडिओ तुमी कधी आवाज लावून बघितला का?"

"आवाजाचं काय करायचं? बॉल बघायचा हाय."

"लावा आवाज."

घरात चिडीचूप होतं. मी मोबाइल काढला, आवाज मोठा केला आणि तोच व्हिडिओ लावला, शेकडो वेळा बघितलेला. जेसीबीवाल्यानं पाय उचलला. हॉर्न वाजला. आणि हॉर्न वाजल्यावर, मग, बॉल दांडीवर आदळल्याचा टण्ण आवाज आला. हॉर्नच्या दणक्यानं हॉटेलवाल्याचा हात हलला होता. वहिनी म्हणाली, परत लावा, आता बॉल बघू नका, ह्यांच्याकडं बघा. मी परत लावला. लांब, चित्राच्या एका कोपऱ्यात, दादा बॉलकडं बघत उभा. हॉर्न. दादाची मान झटक्यात मागं. टण्ण. मग मान परत पुढं. वर्षभर मी त्या कोपऱ्याकडं एकदाबी बघितलं नव्हतं.

हॉर्न मी वाजवला होता. गोल व्हायच्या आधी.

दार वाजलं. दादा लवकर परत आला होता. त्याच्या हातात हळदीच्या कंदांची पिशवी होती. मला बघून थांबला, मग वहिनीकडं बघितलं, आणि त्याच्या ध्यानात आलं.

"काहून दाखवलंस?" तो तिला म्हणाला. "राहू द्यायचं ना."

मी खुर्चीतून उठलो. मी विचारलं, "दादा, मान काहून वळवली?"

"मी काय मुद्दाम वळवली? मागून ट्रकचा हॉर्न आला की वळतीच. तुला शाळेत कोण नेत होतं? फाट्यापासून शाळेपर्यंत हायवेच्या कडंनं, दोन वर्षं. तू एका हाताला, पिशव्या दुसऱ्या हाताला. तुझा काही भरवसा नव्हता, फुलपाखरू दिसलं की रस्त्यावर. हॉर्न ऐकला की आधी मागं बघायचं आणि तुला ओढायचं. ती सवय मोडली न्हाई."

"मग गोल होता का नव्हता?"

"मला माहीत न्हाई. मी बघितला न्हाई. जो बघितला न्हाई तो द्यायचा कसा? त्यांच्या लाइनमनकडं बघितलं, त्यानं काही दाखवलं न्हाई."

"मग त्याच वेळी सांगायचं ना मला. सगळ्यांसमोर सांगायचं, हॉर्नमुळं दिसलं न्हाई म्हणून. वर्षभर शिव्या खाल्ल्या तुमी."

दादानं पिशवी खाली ठेवली. बसला. म्हणाला, "काय सांगू? की फाट्याचा कप तुझ्या हॉर्ननं घालवला? त्या टायमाला पोरांची डोकी किती तापली होती, तुला माहीत हाय. तुझं दुकान फाट्यावर हाय, तुला तिथंच राहायचं हाय. मी रिटायर माणूस. माझं काय?"

ते ऐकून मी जिथं उभा होतो तिथंच खाली बसलो आणि मोठ्यानं रडलो. पन्नाशीचा बाप्या, लेकरासारखा. वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली. दादा म्हणाला, पुरे आता, शेजारी ऐकतील. मी म्हणलं, ऐकू द्या. उद्या मी सगळ्या फाट्याला सांगणार हाय. तो म्हणाला, सांगू नको. मी म्हणलं, सांगणारच.

आणि सांगितलं. दुसऱ्याच दिवशी. कॉम्प्रेसर बंद केला, मोबाइल मोठ्या स्पीकरला जोडला, हॉटेलवाल्याला बोलावलं, जेसीबीवाल्याला बोलावलं, कपाटवाले दोघं भाऊ आले. व्हिडिओ लावला. हॉर्न, मान, टण्ण. परत लावला. परत लावला. मी म्हणलं, बघा, चूक माझी. कप माझ्यामुळं गेला. मला काय बोलायचं ते बोला, पण दादाचं नाव घेऊ नका.

कोणी मला काही बोललं न्हाई. मार खायच्या तयारीनं उभा होतो मी, आणि ते एकमेकांकडं बघून राहिले. हॉटेलवाला म्हणाला, "व्हिडिओ मी काढला, पण असा आवाज मला आठवत न्हाई. आजकाल मोबाइलवर आवाज मागून बसवता येतो म्हणे." कपाटवाल्यांतला मोठा म्हणाला, "वर्षभर आमाला व्हिडिओ दाखवून राहिले, तेव्हा हॉर्न न्हाई निघाला. हिंगोलीला जाऊन आले आणि हॉर्न निघाला?"

"अरे, तुमच्या मोबाइलमध्ये हाय ना तोच व्हिडिओ. बघा ना."

"आमी कधीच काढून टाकला."

आता राहिला जेसीबीवाला. त्यानं मारलेला गोल, त्याचं सगळ्यात जास्त गेलं होतं. तो माझ्याजवळ आला. त्याला माझा राग आला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझ्या दंडाला हात लावला आणि हळूच म्हणाला, "काका, भाऊ हाय ना तुमचा. आमी समजून घेतो. तुमी तरी काय करणार? पण आमाला खरं काय ते माहीत हाय. तुमीच सांगितलंय."

मी म्हणलं, बाबा, ते मी खोटं सांगितलं होतं, हे खरं हाय. तो हसला. "व्हय, व्हय," म्हणाला, आणि गाडी काढून गेला. बाकीचेबी पांगले. मी कॉम्प्रेसर चालू केला. एक ट्रक लागला होता, त्याचं मागचं चाक बसलेलं.

त्यानंतर मी किती जणांना सांगितलं, त्याची मोजदाद न्हाई. प्रत्येक जण मान हलवतो, जशी मी ट्यूबवाल्यासमोर हलवतो.

दादाकडं आता दर आठवड्याला जातो. जेवतो. परवा हात धुताना त्यानं विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "फाट्यावर काय म्हणतात रे आता?"

"काही न्हाई," मी म्हणलं. "सगळ्यांना पटलं. विसरले सगळे."

त्यानं टॉवेल माझ्याकडं दिला. "मग उद्यापासून मैदानावर जातो," म्हणाला.